वापसीची केळी मिक्सरमध्ये; घरच्या घरी फळ-भाजीचं घट्ट पेय, पण दुधी आधी चाखूनच

रावेर : केळीची गाडी भरली की वापसीचा माल मागे उरतो. घड बारीक राहिला, फणीला डाग पडला, वाकडी-तिकडी फळं निघाली, की व्यापारी एक तर पडत्या भावात मागतो नाही तर घेतच नाही. मग ती केळी बांधावर पडतात, जनावरांपुढे जातात. आणि त्याच घरातलं पोरगं शाळेतून आलं की दुकानावर जाऊन थंड पेयाची बाटली आणतं. अशा २०० मिलीच्या बाटलीत साधारण २० ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर असते. ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथली ही गत.

शहरात ज्याला स्मूदी म्हणतात ते काही अवघड काम नाही. फळ किंवा भाजी गर-चोथ्यासकट फिरवायची, गाळायची नाही, घट्टसर प्यायची. आपली शिकरण त्याचीच बहीण. शिकरणीत केळं कुस्करतात आणि वरून साखर घालतात, इथं ते बारीक फिरवतात आणि साखर घालत नाहीत, एवढाच फरक. रस आणि स्मूदी मात्र एक नव्हे. रस गाळला की चोथा फेकला जातो आणि साखरेचं पाणी तेवढं पेल्यात उतरतं. चोथ्यात तंतू असतात. पोट साफ राहायला आणि रक्तातली साखर एकदम न चढायला त्यांचीच मदत होते.

केळ्यापासून सुरुवात करणं सोपं. एका माणसासाठी एक मध्यम पिकलेलं केळं, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी पाणी आणि रात्री भिजवलेले आठ-दहा शेंगदाणे घ्यायचे. चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली तर चव उठते. आधी शेंगदाणे थोड्या पाण्यात बारीक करा, मग केळं आणि दही टाका. सगळं एकदम टाकलं की शेंगदाण्याच्या कण्या तशाच राहतात आणि पोरं तोंड वाकडं करतात. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं केळं घेतलं तर साखरेची गरजच पडत नाही, कारण पिकताना केळ्यातल्या पिठाची साखर होते. केळं आणि दूध-दही एकत्र नको म्हणणारी वडीलधारी मंडळी घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी दह्याऐवजी पाणी वापरावं, शेंगदाण्याने घट्टपणा येतोच. वाद घालत बसू नये.

घड घरीच पिकवायचा तर तो गोणपाटात गुंडाळून ठेवा, आत दोन-चार पिकलेली केळी टाका. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू सुटतो, त्याने बाकीची पिकतात. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. घरच्या खाण्यासाठी तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये.

पपईचं गणित वेगळं. पपई दुधात फिरवून ठेवली की थोड्या वेळात पेय कडसर होतं. पपईतल्या पपेन नावाच्या घटकाने दुधातली प्रथिनं फुटतात. दूध नासकं होतं असं समजून पुष्कळ जण दूधवाल्याशी भांडतात! पिकलेल्या पपईच्या चार-पाच फोडी, अर्धं लिंबू, आल्याचा लहान तुकडा आणि पाणी एवढं पुरतं. गरोदर बाईने कच्ची किंवा अर्धकच्ची पपई टाळावी.

आता भाज्या. इथं सर्वात आधी दुधीचं सांगायला हवं, कारण यात जिवाला धोका आहे. वजन उतरवायला, शुगरला म्हणून सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घ्यायचं खूळ गावोगावी पोचलं आहे. दुधी, काकडी, दोडका, कारलं ही सगळी एकाच कुळातली. या कुळात कुकरबिटासिन नावाचा कडू घटक असतो. एरवी दुधीत तो नगण्य असतो, पण एखाद्या फळात खूप वाढतो. असा कडू दुधी पोटात गेला तर उलट्या, जुलाब, पोटात कळा, रक्ताची उलटी आणि रक्तदाब उतरणं इथपर्यंत जातं. दिल्लीत २०१० मध्ये एका शास्त्रज्ञाचा अशा कडू रसाने मृत्यू झाला होता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी या प्रकारांचा अभ्यास करून सूचना दिल्या.

त्या सूचना सोप्या आहेत. दुधी चिरला की आधी एक लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहायचा. कडू लागला तर थुंकून टाकायचा आणि अख्खा दुधी फेकायचा. दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळायचा नाही. खरी मेख इथंच आहे. लिंबू, आलं, पुदिना, केळं घातलं की कडवटपणा झाकला जातो आणि माणूस पेला रिकामा करतो. कारल्याचा रस मिसळला तर विचारूच नका, कडू कोण ते कळणारच नाही. औषध कडूच असतं म्हणून डोळे मिटून पिणारेही आहेत. तसं मुळीच करू नये. पिल्यावर मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत न बसता लगेच दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना दुधी प्यायल्याचं स्पष्ट सांगावं. खरं तर दुधी शिजवून भाजी करून खावा. भाजीत कडूपणा पहिल्याच घासाला कळतो आणि ताट बाजूला सरकतं.

काकडीही टोकाकडून चाखूनच मिक्सरमध्ये टाकावी. उन्हाळ्यात टरबुजाच्या फोडी, अर्धी काकडी, पुदिन्याची पाच-सहा पानं आणि मीठ एवढ्यावर मस्त पेय होतं, पाणी घालायची गरज नाही.

हिरव्या पाल्याचं म्हणाल तर शेवगा परसात उभाच आहे. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं सरकारी पाहणीतच दिसलं आहे. शेवग्याची किंवा पालकाची कोवळी पानं मूठभर घ्यायची, मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढायची, मग एक पेरू किंवा आवळ्याच्या दोन फोडी घालून पाण्यात फिरवायची. पेरूच्या बिया दाताखाली येतात, त्या नको असतील तर आवळाच बरा. आवळा, पेरू, लिंबू यातल्या क जीवनसत्त्वाने पाल्यातलं लोह अंगी लागतं. यात दूध टाकू नये आणि त्याच्या मागे-पुढे तासभर चहाही नको, दोन्ही लोहाच्या आड येतात. मात्र एवढ्याने रक्त वाढेल म्हणून दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका. मुतखडा झालेल्यांनी पालक आणि बीट कच्चं पिण्याच्या भानगडीत पडू नये, त्यात ऑक्झलेट असतं. बीट घेतल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो बिटाचाच रंग. गाजर मात्र वाफवून घ्यावं. कच्च्याने मिक्सर धापा टाकतो. शेंगदाण्याबरोबर फिरवलं तर थोड्या तेलकटपणामुळे त्यातला अ जीवनसत्त्वाचा भाग अंगाला जास्त लागतो.

प्रमाण सांभाळणं सगळ्यात कठीण. चार केळी सोलून एका बैठकीत कोणी खात नाही, पण पेल्यात ती दोन मिनिटांत संपतात. शुगर असलेल्यांनी एक लहान पेला, त्यात एकच फळ आणि बाकी पाला-काकडी एवढंच ठेवावं. आंबा, चिकू, फार पिकलेलं केळं टाळावं. गूळ किंवा मध घातला तरी साखर ती साखरच. शुगरवाल्यांनी तर पेरू चावून खाल्लेला केव्हाही चांगला. किडनीचा आजार असेल तर केळं, टोमॅटो, पालक यातलं पोटॅशियम चालतं का ते डॉक्टरांना विचारूनच पुढचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको. त्यानंतर केळं कुस्करून चमच्याने द्यावं. वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

लाइटचा भरवसा नाही हे खरंच. पिकलेलं केळं, पपई, चिकू यांना मिक्सर लागतच नाही. पुरणयंत्रातून काढा, रवीने घुसळा, झालं. व्होल्टेज कमी असताना मिक्सर ओढत असेल तर बंद करा. एका दमात वीस-तीस सेकंदच फिरवा. मध्येच थांबला तर बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं, थोडं गार होऊ देऊन ते दाबलं की पुन्हा सुरू होतो. मिस्तरीकडे धावण्याआधी एवढं करून पाहावं.

फळं-पाला वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, फवारणी होऊन किती दिवस झाले ते घरच्या मालालाही विचारा. केलेलं पेय लगेच प्यायचं. मे महिन्याच्या उन्हात बाटलीत भरून शेतात नेलं तर दुपारपर्यंत आंबतं, त्यापेक्षा फळच न्यावं. मिक्सरचं भांडं लगेच धुवा, झाकणाची रबरी रिंग काढून तिच्या खाचेतलंही. तिथं अडकलेला गर दुसऱ्या दिवशी वास मारतो. केळीच्या साली शेळीला चालतात.