देवाची वेळ आणि रोगाची वेळ

अमरावतीहून संध्याकाळी सुटणारी अंबा एक्सप्रेस मूर्तिजापूर, अकोला करत रात्री गजानन महाराजांच्या शेगावला थांबते. डब्यातले कितीतरी हात तिथं आपोआप जोडले जातात. त्यात एखादी बाई असते, जिच्या मांडीवरच्या पिशवीत नवऱ्याची फाइल आहे, बायोप्सीच्या काचा कापसात गुंडाळून ठेवल्या आहेत आणि कोपऱ्यात अंगाऱ्याची पुडी आहे. सकाळी दादरला उतरून परळला टाटा रुग्णालयात जायचं असतं. निघताना गावात कोणीतरी म्हटलेलं असतं, ‘देवावर भरोसा हाये ना? मंग कायले धावता? त्याची येळ आली का थोच बरं करन.’

असं म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण भरवसा ठेवणं म्हणजे थांबून राहणं, हा समज वऱ्हाडाला फार महाग पडतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठतो, तिखट झोंबतं, तोंड पुरतं उघडत नाही. फारसं दुखत नाही, म्हणून माणूस नवस बोलतो आणि सोयाबीन निघेपर्यंत, मग कापूस वेचून होईपर्यंत दिवस काढतो. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती डॉक्टरला दाखवायलाच हवी. गाठ लहान असली तर बहुतेकदा शस्त्रक्रियेवर भागतं. उशीर झाला की जबड्याचं हाड, गळ्यातल्या गाठी काढाव्या लागतात, वर किरणोपचार. ‘तुकडा काढला अन् कॅन्सर पसरला’ ही भीतीही या उशिरातूनच आली. रोग आधीच पसरलेला होता, तपासणीनं तो फक्त दिसला.

‘संतांनी कुठं औषध घेतलं?’ असंही विचारतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना कॅन्सर झाला होता आणि त्यांच्यावर मुंबईत उपचार झाले. 11 ऑक्टोबर 1968 ला गुरुकुंज मोझरीत त्यांनी देह ठेवला, तेव्हा ते 59 वर्षांचे होते. ग्रामगीतेत त्यांनी गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. गाडगेबाबांनी तर नवसाच्या बकऱ्यावर कीर्तनातून आयुष्यभर कोरडे ओढले आणि लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्यांसाठी त्यांनी धर्मशाळा उभारली. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. अंबा एक्सप्रेसमधल्या त्या बाईला परक्या मुंबईत आसरा मिळतो, तो आपल्या शेंडगावात जन्मलेल्या माणसाच्या नावाचा.

सगळ्यात जास्त जखम करणारं वाक्य मात्र वेगळंच आहे: ‘भक्ती कमी पडली’, नाहीतर ‘मागल्या जन्मीचं पाप’. ज्याचे केस केमोनं गळताहेत, त्याच्या उशाशी बसून हे बोलू नये. वऱ्हाडातलेच संत गुलाबराव महाराज, त्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली आणि 1915 मध्ये, पस्तिशीही न गाठता ते गेले. त्यांची भक्ती कमी होती म्हणायचं का? कुष्ठरोगालाही लोक पापाचं फळच म्हणत. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 पासून त्याच माणसांना हाताशी धरलं. हा रोग जंतूमुळे होतो, हे शास्त्रज्ञ हॅन्सननं 1873 मध्येच दाखवलं होतं. आज तो 6 ते 12 महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी बरा होतो.

मग पारायण करायचं नाही का? जरूर करावं. गजानन विजय पोथीच्या 21 अध्यायांनी कितीतरी घरांना रात्री काढायचं बळ दिलं आहे. पण पारायण हे गोळीच्या जागी नाही. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2006 मध्ये आला. त्यात अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेनं शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाली नाही. मला यात प्रार्थनेचा पराभव वाटत नाही. तिच्याकडून आपण औषधाचं काम मागितलं, ती चूक आपली. उपासाचंही तसंच. केमोच्या काळात शरीराला अन्न लागतं आणि इन्सुलिन घेणारा उपाशी राहिला तर साखर धोकादायक उतरते. आजाऱ्याला उपासातून सूट आपल्या धर्मशास्त्रानंही दिली आहे.

देवाच्या वेळेवर सोडायचं असं बरंच उरतं. तपासणी करून झाली, रिपोर्टला आठ दिवस आहेत. शस्त्रक्रिया झाली, शुद्ध यायची आहे. आपल्या हातचं सगळं करून झाल्यावरचे हे तास देवाच्या नावावरच निघतात.

आणि डॉक्टर ‘आता घरी न्या’ म्हणाले, तरी करण्यासारखं संपत नाही. ‘भोग आहे, सोसावाच लागतो’ हा शेवटचा आणि क्रूर गैरसमज. कॅन्सरची वेदना मॉर्फिननं बहुतेकांत आटोक्यात येते, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिननं मरण लवकर येत नाही. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 मध्ये कायदाही बदलला. डॉक्टरांना ‘वेदनाशामक उपचार कुठं मिळतील?’ एवढं स्पष्ट विचारावं. वेदनेनं कण्हत पडलेल्याला कानाशी वाचलेली पोथी ऐकू येत नाही. वेळेवर डोस मिळाला की तो डोळे उघडतो, बायकोला म्हणतो, ‘वाच नं थोडं पुढचं.’