गाळाची पोथी

उन्हाळ्यात गावतळे आटते. मग आपण गाळ काढून शेतात टाकतो. गाळ खणताना एकदा कडेला नीट पाहा. मातीचे थर दिसतील. एक काळसर, एक पांढुरका, एक रेताड.

हे थर कसे झाले? पावसाळ्यात ओढा माती घेऊन येतो. पाणी निवळले की माती तळाशी बसते. पुढच्या साली तिच्यावर नवी माती बसते. कणगीत आधी ओतलेले धान्य तळाशी राहते, तसेच हे. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना.

बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे तळे आहे. आकाशातून मोठा पाषाण कोसळून तो खड्डा पडला. आपल्या रंकाळ्याहून तो कितीतरी जुना. तिथले पाणी खारट आहे. भारतातल्या आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी तळ्याच्या बुडात नळ्या घालून सुमारे ३३ फूट खोलीपर्यंतचा गाळ काढला. तो अभ्यास २०१४ साली छापून आला.

पण गाळाचे वय कसे कळते? गाळात झाडाची पाने, लाकडाचे तुकडे सापडतात. झाड जिवंत असते तोवर हवेतून कर्ब घेते. त्यात एक कर्ब अगदी थोडा असतो, पण तो हळूहळू विरत जातो. झाड मेले की नवा कर्ब येत नाही; आहे तोच विरतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो, आणखी तेवढ्याच वर्षांत पाव. किती उरला ते मोजले, की वय कळले.

लोणारच्या गाळात सुमारे ११,००० वर्षांचा हिशेब निघाला. काही थरांत खाऱ्या खनिजाचे खडे होते. पाणी आटून दाट झाले तरच असे खडे धरतात. म्हणजे तेव्हा पाऊस कमी होता. अशी एक अवर्षणाची पाळी सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आली. सातशे वर्षे! आपण १९७२ चा दुष्काळ अजून विसरलो नाही. मग हा केवढा असेल?

आपल्या कोल्हापूरला पाणी मुबलक. २०१९ साली पंचगंगेचा महापूरही आपण पाहिला. त्यामुळे वाटतं, पाण्याची काय चिंता? पण आज्या-पणज्याची आठवण शंभर वर्षांची. गाळाची आठवण हजारो वर्षांची. तो सांगतो, पावसाची चाल बदलते, आणि बदलली की पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहू शकते.

म्हणून भरल्या विहिरीचे पाणीही जपून उपसावे. गावतळे बुजू देऊ नये. आपण अक्षरे वाचायला शिकलो. आता मातीचे थरही वाचू या.