घरांची आपसी बदली

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आपसी बदली म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. गडचिरोलीतल्या गुरुजींना सांगलीला यायचे असते, सांगलीतल्या बाईंचे सासर गडचिरोलीकडचे असते. दोघे एकमेकांना शोधून काढतात आणि जोडीने अर्ज करतात. जागा तेवढ्याच राहतात, माणसे इकडची तिकडे होतात. इंग्लंडमध्ये हेच राहत्या घरांच्या बाबतीत चालते. कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, किंवा हाउसिंग असोसिएशन या ना-नफा संस्थेच्या घरातला भाडेकरू आपल्यासारखाच दुसरा भाडेकरू शोधतो आणि दोघे घरे बदलून घेतात. खरेदी नाही, विक्री नाही आणि प्रतीक्षायादीत नंबर लागण्याची वाट पाहणेही नाही.

असा जोडीदार शोधण्यासाठी जाहिरात द्यायची. या जाहिरातींना दोन रकाने असतात: 'आहे' आणि 'हवे'. कुणाकडे चौथ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट आहे आणि गुडघे गेल्यामुळे तळमजला हवा आहे. कुणाची मुले मोठी होऊन पांगली, तीन बेडरूमचे घर झाडून पुसून जीव दमतो. त्यांना लेकीच्या गावात लहानसे घर पुरेल. पूर्वी अशी कार्डे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर लागत. आता होमस्वॅपर, हाउस एक्स्चेंज अशा संकेतस्थळांवर ती दिसतात, आणि ही निरनिराळी संकेतस्थळे एकमेकांना जोडण्यासाठी सरकारने 2011 साली 'होमस्वॅप डायरेक्ट' सुरू केले. दोघांचे जुळले नाही तर तिसरा शोधायचा. पहिला दुसऱ्याच्या घरात, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा पहिल्याच्या, अशी साखळीही जमते. मात्र एक कडी निसटली की सगळ्यांची बांधलेली खोकी पुन्हा उघडावी लागतात.

हा सगळा मामला कायद्याच्या पायावर उभा आहे, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. 1980 पूर्वी कौन्सिलच्या भाडेकरूला कायद्याचे संरक्षण नव्हते. अनेक ठिकाणी दाराला कोणता रंग द्यायचा तेही कौन्सिलच ठरवी. 1980 च्या हाउसिंग कायद्याने 'सुरक्षित भाडेकरू' हा दर्जा निर्माण केला, 1984 च्या दुरुस्तीने अदलाबदलीचा हक्क आला आणि आज तो 1985 च्या कायद्याच्या 92 व्या कलमात आहे. घरमालकाची लेखी संमती लागते, पण ती नाकारण्याची कारणे कायद्याने मोजून दिली आहेत. भाडेकरूविरुद्ध ताब्याचा हुकूम झाला आहे, येणाऱ्या कुटुंबाला घर गरजेपेक्षा फारच मोठे आहे, घर अपंग व्यक्तीसाठी खास बदलून घेतलेले आहे आणि येणाऱ्यांत तशी गरज असलेले कुणी नाही, अशी ती कारणे. भाडे थकले असेल तर आधी चुकते करा, अशी अट घालता येते. आणि मालकाने कारण 42 दिवसांत कळवायचे असते. ते दिवस उलटल्यावर आठवलेले कारण पुढे करता येत नाही. सरकारी कचेरीत 'साहेब रजेवर आहेत' हे ऐकत आलेल्या आपल्या पिढीला त्या 42 दिवसांचे मोल कळेल. स्कॉटलंडमध्ये ही मुदत एका महिन्याची आहे.

पैशाबाबत कायदा कठोर आहे. अदलाबदलीसाठी एकाने दुसऱ्याला वरकड रक्कम दिली, तर त्या कारणावरून घरमालक कोर्टात ताबा मागू शकतो. मुंबईकराला हे वाचून पागडी आठवेल. तिथे खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालकाचा वाटा ठरलेला असतो, आणि 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या 56 व्या कलमाने त्या व्यवहाराला मान्यताच दिली. इंग्लंडच्या कायद्याची भूमिका वेगळी आहे: घर लोकांच्या पैशाने बांधलेले आहे, तेव्हा त्यातल्या राहण्याच्या हक्काला बाजारभाव लागता कामा नये. मला ही भूमिका पटते.

तरी ही वाट निर्धोक नाही. घर आहे तसे घ्यावे लागते. आधीच्या माणसाने मोडकी कपाटे ठेवली असतील तर ती तुमची. संमतीविना नुसत्या किल्ल्या बदलल्या तर दोघांच्याही डोक्यावरचे छप्पर धोक्यात येते. सर्वांत मोठा खड्डा भाडेकरारात आहे. नेहमीच्या पद्धतीत तुम्ही समोरच्याच्या करारातच पाऊल टाकता: त्याचे भाडे, त्याच्या अटी. 2011 च्या लोकॅलिझम कायद्याने कौन्सिलांना ठरावीक मुदतीचे करार करण्याची मुभा दिली. 1 एप्रिल 2012 पूर्वीपासून कायमचा करार असलेल्यांना अशा मुदतीच्या घराशी अदलाबदल करताना संरक्षण ठेवले. पण समोरचे घर बाजारभाड्याच्या 80 टक्क्यांपर्यंत भाडे घेणाऱ्या 'अफोर्डेबल रेंट' योजनेतले असेल, तर ते संरक्षण लागू होत नाही. खिडकीतून बाग दिसते म्हणून हरखलेला माणूस सहीपूर्वी हे वाचतोच असे नाही.

एप्रिल 2013 मध्ये या शोधाला वेगळीच निकड आली. गरजेपेक्षा एक बेडरूम जास्त असेल तर घरभाडे साहाय्यासाठी धरलेल्या भाड्यातून 14 टक्के कापायचे, दोन वा अधिक असतील तर 25 टक्के, असा नियम लागू झाला. लोकांनी त्याला 'बेडरूम टॅक्स' म्हटले. सोळा वर्षांखालच्या दोन बहिणींनी एकाच खोलीत झोपावे, दहा वर्षांखालच्या भावाबहिणीनेही, असे हिशेब बसवले गेले. निवृत्त माणसांना यातून वगळले होते, तेव्हा मोठ्या घरात एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांना हा नियम लागलाच नाही. कात्री लागली ती कामाच्या वयातल्या गरिबांना. जो हक्क माणसाला हवे तिथे जाता यावे म्हणून दिला होता, तो आता नको तिथून निघण्यासाठी वापरावा लागला. हा अन्याय होता असेच मी म्हणेन.

सोव्हिएत काळातल्या मॉस्कोत ही सक्ती कुटुंबाच्या आत शिरली होती. घर सरकारचे, विकता येत नाही, आईची खोली वारसाने मुलाला मिळत नाही. बदलून मात्र घेता येते. युरी त्रिफोनव यांची 'अदलाबदल' ही 1969 सालची दीर्घकथा यावरच उभी आहे. आई कर्करोगाने आजारी आहे. ती गेली की खोली सरकारजमा होणार, म्हणून सुनेला दोन्ही जागा देऊन एकत्र मोठी जागा घेण्याची घाई झाली आहे. मुलाने मरणाऱ्या आईला हे सांगायचे कसे? घरांचा तुटवडा नात्यांना काय करतो, हे मला आकडेवारीपेक्षा या कथेतून अधिक कळले.

कारण अदलाबदलीने एक वीटही वाढत नाही. ज्या 1980 च्या कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, त्यानेच त्याला कौन्सिलचे घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये तेव्हापासून सुमारे 20 लाख घरे अशी विकली गेली आणि त्या प्रमाणात नवी बांधली गेली नाहीत. 2024 साली प्रतीक्षायादीत 13 लाखांहून अधिक कुटुंबे होती, तर एक लाखाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढत होती. त्यांना 'आहे'च्या रकान्यात लिहायला काहीच नव्हते.

आपल्याकडे पाहू. ब्रिटनमध्ये 1919 च्या कायद्याने कौन्सिलांची घरबांधणी जोरात सुरू झाली, त्याच सुमारास, 1920 साली, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथल्या बीडीडी चाळी त्याच्या. तिकडे बागेसह घरे. इकडे 160 चौरस फुटांची एकेक खोली. माणसे दोन असोत की दहा, खोली तेवढीच. सगळ्याच खोल्या सारख्या, तर वाढत्या कुटुंबाने बदलून घ्यायचे काय? 2008 साली एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली, तेव्हाही सुरुवातीची खोली 160 चौरस फुटांचीच होती.

पुढेमागे महाराष्ट्रात सरकारी भाड्याची घरे बांधायची झाली, तर ती लहानमोठी, निरनिराळ्या मापांची बांधा, आणि भाडेकरूच्या आपसी बदलीचा हक्क, दिवसांच्या मुदतीसह, पहिल्याच दिवशी कायद्यात लिहा.