निदान गावाच्या हाती : गडचिरोलीतील नवजात बालकांची घरातली शुश्रूषा

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात १९८० च्या दशकात उभारलेल्या ‘सर्च’ या संस्थेचे वेगळेपण असे की, तेथे संशोधनाचा प्रश्न गावातून घेतला जातो आणि त्याचे उत्तर गावातल्याच माणसाला वापरता येईल अशा रूपात घडवले जाते. याचा आरंभीचा नमुना म्हणजे श्वास मोजण्याचे एक साधे उपकरण. न्यूमोनियात फुफ्फुसाला सूज येऊन बाळाचा श्वास जलद होतो आणि दोन महिन्यांखालील बाळ मिनिटाला साठ वा अधिक श्वास घेऊ लागले, तर तो धोक्याचा इशारा समजतात. परंतु निरक्षर दाईने साठपर्यंत मोजावे कसे, ही खरी अडचण होती. म्हणून एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाला मण्यांच्या ओळी जोडण्यात आल्या: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. येथे वैद्यकीय निकष तसूभरही सैल झालेला नाही, ही बाब विशेष मोलाची आहे.

नवजात बालकाचा, म्हणजे जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाचा, प्रश्न याहून बिकट होता. १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालकांची घरी जाऊन पाहणी केली असता अर्ध्याहून अधिक बालकांना उपचारांची गरज असल्याचे आढळले, मात्र डॉक्टरांपर्यंत पोहोचली ती केवळ २.६ टक्के. रुग्णालय इतके दूर असेल तर उपचारच घरी न्यावे लागतात, या विचाराने ३९ गावांतील स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास मदत करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोष, म्हणजे रक्तात वा शरीरभर पसरलेला संसर्ग, ओळखून तोंडावाटे औषधाबरोबर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, ही सारी कामे त्या करू लागल्या. तुलनेसाठी ही सेवा नसलेल्या ४७ गावांतील जन्म-मृत्यूंचीही नोंद ठेवली गेली. अशी तुलना नसती, तर मृत्यू घटले ते उपचारांमुळे की काळाच्या ओघात, हे सांगता आले नसते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे २५.५ नवजात बालके दगावली, तर तुलनेच्या गावांत ५९.६; जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले.

२०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांना घरी भेट देण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला, त्यामागे या प्रयोगाची प्रेरणा होती. तथापि इंजेक्शन आशांच्या हाती न देता २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते परिचारिकेकडे, म्हणजे एएनएमकडे, सोपवले, आणि तेही ठरावीक परिस्थितीतच. गडचिरोलीत ते ज्या गावकरी स्त्रियांनी दिले होते, त्यांच्या कौशल्यावरचा तेवढा विश्वास राष्ट्रीय योजनेत उतरला नाही.