पिकासाठी बंदूक मिळते का? शस्त्र परवाना, रानडुक्कर आणि यवतमाळ

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा तीच ठेवली आहे.

आजचा विषय बंदूक. विषय कुठून आला ते सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, पण घर यवतमाळ जिल्ह्यातलं आणि घरी शेती. दिवाळीच्या आसपास गावाकडचा कुठलाही व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा, एक मेसेज हमखास येतो. डुकरांनी झोपवलेल्या पिकाचा फोटो, आणि खाली, "सरकारनं आता शेतकऱ्याले बंदुकाच द्याव." त्याखाली चाळीस अंगठे. मग कोणीतरी लिहितो, "बंदुका वाटल्या तर गावोगावी मुडदे पडतील." त्यालाही चाळीस अंगठे. कायदा आत्ता काय म्हणतो हे मात्र दोन्हीकडच्या कोणी वाचलेलं नसतं. म्हणून म्हटलं, आधी तेच बघू.

बंदूक हा हक्क आहे का?

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा उल्लेख थेट राज्यघटनेत, दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. भारतात तसं नाही. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे आणि त्याचं कलम 3 सरळ सांगतं की परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. सरकार परवाना देऊ शकतं, नाकारू शकतं, कारण देऊन रद्दही करू शकतं.

याला इतिहास आहे. 1857 नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि 1878 मध्ये लिटनच्या काळात शस्त्र कायदा आणला. भारतीयांना परवाना लागायचा, युरोपियनांना सूट होती. त्यामुळे स्वातंत्र्यलढ्यात हा कायदा अपमानाची खूण मानला जायचा. 1959 मध्ये नवा कायदा आला आणि वंशावरचा भेद गेला, परवान्याची चौकट मात्र राहिली.

पिकासाठी बंदूक: कायद्यात आधीच आहे

आता मुद्द्याची गोष्ट. याच कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्याकडे जिला भरमार म्हणतात तिचा, परवाना देता येतो. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, तर 20 इंच किंवा त्याहून लांब नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली दुसरी बंदूकही देता येते.

ठासणीचीच का? माझा अंदाज सांगतो. ठासणीची बंदूक एकदा झाडली की पुन्हा दारू भरा, ठासा, मगच दुसरा बार. डुकरांचा कळप पळवायला एक आवाज पुरतो, माणसांच्या भांडणात मात्र ती भराभर चालत नाही. आणि छर्रे थोड्या अंतरात जोर गमावतात. रायफलची गोळी किलोमीटरभर आणि त्याच्याही पुढे जाऊ शकते, म्हणजे तुमच्या शेतातून सुटून तिसऱ्याच्या धुऱ्यावर.

कलम 14 मधली एक ओळ तर मला फार आवडली. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे कागदावर तरी दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला सारखेच.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, शहरात आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांकडे. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. वय 21 पूर्ण हवं. 2016 च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही आणलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. परवाना नाकारला तर कलम 18 प्रमाणे अपील करता येतं.

एक परवाना बंदुकीचा, दुसरा डुकराचा

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या ऑफिसातल्या, दोन वेगळ्या कायद्यांखालच्या.

रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. 2022 च्या दुरुस्तीनंतर दोघंही अनुसूची 2 मध्ये आहेत. या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झालं असेल, तर कलम 11 प्रमाणे वन विभाग मारायची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे. अनुसूची 1 मध्ये, म्हणजे वाघ-बिबट्याच्या बाबतीत, पिकाचं किंवा गुराचं नुकसान हे कारण चालतच नाही. तिथे माणसाच्या जिवाला धोका, किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी अथवा आजारी, हेच बघितलं जातं, आणि परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात.

म्हणजे समजा, तुमच्या घरी परवान्याची बंदूक आहे. रात्री डुकरं शिरली, तुम्ही हवेत बार काढून पळवलीत, तो भाग वेगळा. पण वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर पाडलंत, तर तो गुन्हा. परवानगीने पाडलेलं डुक्करसुद्धा सरकारी मालमत्ता असते. त्याचे वाटे घालणं हा आणखी एक गुन्हा.

अंगावर आलं तर? स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना चांगल्या हेतूने जनावर मारलं गेलं, तर तो गुन्हा नाही. पण त्या वेळी तुम्ही स्वतःच हा कायदा मोडत असाल, तर या सवलतीचा आधार मिळत नाही.

अवनी: आपल्या जिल्ह्याचा धडा

बंदूक आणि परवानगी या दोन गोष्टींची गाठ कशी पडते हे बघायला लांब जायला नको. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातली टी-1 वाघीण, जिला सगळे अवनी म्हणतात. 2016 पासूनच्या दोनेक वर्षांत 13 माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं. शहरात बसून "वाघ वाचवा" म्हणणं सोपं असतं. त्या गावांमध्ये बाया कापूस वेचायला घोळक्याशिवाय जात नव्हत्या, आणि संध्याकाळी शेत रिकामं व्हायचं. आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न, तो फसला तर गोळी, असा वन विभागाचा आदेश होता. सप्टेंबर 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या भागात ती मारली गेली. वन विभागाने शिकारी शफात अली खान यांना बोलावलं होतं. गोळी झाडली त्यांचा मुलगा असगर अली खान यांनी. त्यांच्या बाजूने सांगितलं गेलं की डार्ट मारल्यावर वाघीण अंगावर आली, म्हणून स्वसंरक्षणात गोळी चालवली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने मात्र कार्यपद्धती पाळली नसल्याचं नोंदवलं, आणि त्यात 1959 च्या शस्त्र कायद्याच्या उल्लंघनाचाही मुद्दा होता. पुढे 2021 मध्ये याबद्दल सुप्रीम कोर्टात आलेली अवमान याचिका मागे घेतली गेली.

वाघिणीला मारायला हवं होतं की नव्हतं, हा वाद आज पुन्हा उकरत नाही. मला त्यातला एक छोटा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. आदेश होता, कोर्टाची आडकाठी नव्हती, बोलावलेला माणूस अनुभवी होता. तरीही प्रश्न उरले: ट्रिगरवर बोट कोणाचं होतं, त्याला अधिकार कोणी दिला, आणि ठरलेली पद्धत पाळली का? सरकारी मोहिमेत हे प्रश्न उरत असतील, तर अमावास्येच्या रात्री एकट्या शेतकऱ्याच्या बाबतीत किती उरतील?

परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा

8 फेब्रुवारी 2024 ला मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात त्यांचा जीव गेला. मॉरिस नोरोन्हाने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं पोलीस तपासात समोर आलं. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला अभिनेता गोविंदाच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून चुकून गोळी लागली.

एकीकडे खून, दुसरीकडे अपघात. पण दोन्हीकडे हत्यार बेकायदा गावठी कट्टा नव्हतं, कागद होता. आपल्या वादात आपण "परवाना द्या" आणि "देऊ नका" इथेच थांबतो. परवाना मिळाल्यानंतरची वीस वर्षं ती बंदूक कुठे असते, यावर कोणी बोलत नाही.

इथे माझ्या कामाशी जोडून सांगतो. देशात आता शस्त्र परवान्यांचा राष्ट्रीय डेटाबेस आहे आणि प्रत्येक परवानाधारकाला त्यात एक युनिक नंबर असतो. चांगली गोष्ट आहे, बोगस आणि दुबार परवाने पकडायला उपयोगी. पण बंदूक कोणाच्या नावावर आहे एवढंच डेटाबेस सांगतो. ती आज रात्री कुलुपात आहे की ओसरीवरच्या खुंटीला, ते त्याला कळत नाही. ते फक्त घरातल्या माणसाला माहीत असतं. म्हणून जबाबदारीचा शेवटचा भाग सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत

शेतकऱ्याची बाजू आधी. नुकसानभरपाईचे अर्ज, पंचनामे यांत महिने जातात. जागलीला जाणारा माणूस थंडीत, सापाकाट्यात रात्र काढतो आणि सकाळी पुन्हा कामाला. आणि बंदूक नाही म्हणून लोक हातावर हात धरून बसत नाहीत. कुंपणात चोरून वीज सोडतात, कणकेत गावठी बॉम्ब ठेवतात. त्यात डुकरासोबत गाय मरते, वाघ मरतो, आणि बऱ्याचदा शेजारचा माणूसही. "बंदूक धोक्याची आहे" म्हणताना हा धोका हिशेबात धरलाच पाहिजे.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तूर डोक्याच्या वर जाते आणि पऱ्हाटी छातीला लागते. रात्री पानं हलली की आत डुक्कर आहे, रोही आहे, टिपेश्वरकडून फिरत आलेला वाघ आहे की शेजारचा जागल्या आहे, हे टॉर्चच्या उजेडातही ओळखू येईल याची खात्री नाही. शिवाय धुऱ्याची भांडणं, दारू, आणि कर्जात बुडालेलं घर. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखला जातो. त्या घरात भरलेली बंदूक ठेवायची का, हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो.

बाहेर लोकांनी काय केलं? ऑस्ट्रेलियात 1996 च्या पोर्ट आर्थर हत्याकांडात 35 जण मारले गेले. त्यानंतर कायदा कडक झाला, लाखो बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट केल्या. स्वसंरक्षण हे तिथे परवान्यासाठी कारण धरलं जात नाही, शेती धरली जाते. सोबत कुलूपबंद साठवणुकीची अट. केरळने 2022 मध्ये ग्रामपंचायतींसारख्या स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना रानडुक्कर मारण्याचा आदेश द्यायचा अधिकार दिला. गोळी झाडतो तो परवानाधारक, निर्णय पंचायतीच्या पातळीवर होतो. कर्नाटकातल्या कोडगूत कोडवा समाजाला इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, पण तिथे बंदूक पिढ्यान्‌पिढ्या घराच्या रीतीत बसलेली आहे. ती सूट उचलून इथे लावता येणार नाही.

माझं मत

मला घरोघरी बंदूक नको आहे. पण "शेतकऱ्याच्या हातात बंदूक कशाला" हा सूरही पटत नाही, कारण कायद्याने तो अधिकार आधीच मान्य केला आहे. केरळची वाट मला जवळची वाटते. दोन-चार गावांमागे प्रशिक्षण घेतलेले, नोंद असलेले, ठरलेले परवानाधारक असावेत. परवानगी लवकर मिळावी, कोणी, कधी, किती बार काढले याची नोंद राहावी, आणि त्या रात्री शिवारात कोणी जागलीला नाही हे आधी गावात सांगितलेलं असावं. बाकीच्यांसाठी सोलर कुंपण आणि वेळेवर भरपाई. हे महाग आहे, मान्य. वायरला चिकटून मेलेला माणूस जास्त महाग आहे.

आणि घरी आधीच परवान्याची बंदूक असेल, तर या आठवड्यात चार गोष्टी तपासा. परवान्याची मुदत संपली आहे का? बंदूक रिकामी आणि कुलुपात आहे का? काडतुसं किंवा दारू वेगळ्या कुलुपात आहे का? ज्यांच्या नावावर परवाना होता ते आजोबा हयात आहेत का? नसतील तर "वारशाची आहे" म्हणून ती ठेवून देता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पुढचा अर्ज करा. लग्नात हवेत बार काढायची हौस असेल तर तेही ऐका: 2019 पासून अशा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुमच्या गावात पिकासाठी परवाना मागितलेला कोणी असेल, तर अर्जाचं काय झालं ते व्हॉइस नोटवर पाठवा. नाव सांगायची गरज नाही, तालुका सांगितला तरी चालेल. पुढच्या भागात भरपाईचा अर्ज कसा भरायचा, ते सगळं सविस्तर. तोवर भेटू, आणि जागलीला जाणाऱ्यांनो, टॉर्च चार्ज करून ठेवा.