तोंडी ठरलेला गाळा

मुरबाड, सरळगाव, किन्हवली अशा बाजारपेठांत आजही अनेक गाळे नुसत्या शब्दावर दिले जातात. डिपॉझिट रोख, भाडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि ‘पाच वर्षं काळजी करू नका’ एवढे आश्वासन. त्या भरवशावर दुकानदार फर्निचर करतो, माल भरतो, गिऱ्हाईक जोडतो. मग रस्ता रुंद होतो, जागेला भाव येतो आणि मालक भाडे दुप्पट मागतो, नाहीतर महिनाअखेर गाळा रिकामा करायला सांगतो. ‘कागदच नाही, आता काय करणार’ म्हणून मुकाट्याने सामान उचलणारा दुकानदार तेव्हा असलेला हक्क सोडून देत असतो. तोंडी व्यवहारालाही कायद्यात किंमत आहे. ती किती आणि कुठपर्यंत, हे मात्र ओळखून असावे.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 107 वे कलम सांगते की एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. त्याहून कमी मुदतीचा तोंडीही होऊ शकतो, ताबा दिलेला असला म्हणजे झाले. म्हणजे तोंडी ‘पाच वर्षं’ कायद्यात पाच वर्षे ठरत नाहीत, आणि दुकानदाराचा सगळ्यात मोठा घात इथेच होतो. मुदत गेली तरी नाते मात्र जात नाही. अँथनी विरुद्ध के. सी. इट्टूप या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हेच सांगितले: नोंदणी नसल्याने करारातली मुदत टिकली नाही, पण ताबा आणि भाडे यांवरून भाडेकरूपण टिकले. दुकानासाठी असे भाडेपण महिन्या-महिन्याचे धरले जाते, आणि ते संपवायलाही 106 व्या कलमानुसार 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. दारात उभे राहून ‘निघा’ म्हणणे म्हणजे नोटीस नव्हे.

जिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे, तिथे भाडेकरूची बाजू आणखी भक्कम होते. तो राज्यभर सरसकट लागू नाही, त्यामुळे आपले ठिकाण त्याच्या परिशिष्टात येते का, हे आधी वकिलाकडून पाहून घ्यावे. त्याच्या 55 व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘कागद केला की भाडेकरू कायमचा बसतो’ ही मालकांची भीती म्हणूनच उलटी आहे. कागद नसण्याचा धोका त्यांनाच जास्त आहे. ‘कागद मागितला तर गाळाच मिळत नाही’ या दुकानदारांच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. त्यांनी मालकाला हे कलम दाखवावे आणि ग्रामीण भागात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी फी 500 रुपये आहे, हेही सांगावे. स्टॅम्प पेपरवर नुसती नोटरी करणे म्हणजे नोंदणी नव्हे.

उरतो पुराव्याचा प्रश्न. मुरबाड तालुक्यातले धसई 2016 च्या डिसेंबरात राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले होते. गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात घेणाऱ्या दुकानदाराने भाडे तरी रोखीने का द्यावे? खात्यातून दरमहा गेलेली रक्कम, त्याच पत्त्यावरचा गुमास्ता परवाना, वीजबिल, मालाची बिले आणि मालकाचे व्हॉट्सअॅप संदेश हे सगळे मिळून तोंडी व्यवहार कोर्टात उभा करतात. डिपॉझिटचा पुरावा सगळ्यात आधी जपावा, कारण नाकारायला तीच रक्कम सगळ्यात सोपी असते.

मालकाने परस्पर कुलूप ठोकले, तर भांडत बसू नका. कोर्टाच्या मार्गाशिवाय ताबा काढून घेतलेल्याला 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या 6 व्या कलमाखाली तो परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. मात्र दावा 6 महिन्यांच्या आत लावावा लागतो. समेटाच्या बैठकांत ते महिने घालवू नका.