ट्रॅक्टर रंगवायची स्प्रे गन: आधी कॉम्प्रेसरची पाटी वाचा

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये जुना ट्रॅक्टर दुरुस्त करून पुन्हा रंगवण्याचा छंद अनेकांना आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा लाल फार्मऑल त्यांतला विशेष लाडका. आपल्याकडच्या शेतांत दिसणारा महिंद्रा बी-275 हाही मूळ याच कंपनीचा नमुना. असा ट्रॅक्टर हाती आला, की रंगाआधी गनचा प्रश्न येतो. दुकानात तीस डॉलरपासून कित्येकशे डॉलरपर्यंतच्या गन असतात. पण निवड सुरू करायची ती गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरपासून.

गनचे काम रंगाचे बारीक थेंब करणे. एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे 50 मायक्रॉनचे थेंब केले, तर एकाचे 8,000 होतात आणि एकूण पृष्ठफळ 20 पट वाढते. पृष्ठताणाविरुद्ध हे काम करायला ऊर्जा लागते आणि ती हवेतून येते. जुन्या पद्धतीची गन ही ऊर्जा जास्त दाबातून मिळवते. थेंब छान बारीक होतात, पण इतक्या वेगाने जातात की बराचसा रंग पत्र्यावरून उसळून हवेत जातो. एचव्हीएलपी गन, म्हणजे भरपूर हवा आणि कमी दाब, तेच काम एअर कॅपपाशी 10 पीएसआय किंवा त्याहून कमी दाबावर करते. लॉस एंजेलिस परिसराच्या हवा नियंत्रण नियमांत गाड्या रंगवताना किमान 65 टक्के रंग पृष्ठभागावर बसावा अशी अपेक्षा आहे. अशा नियमांमुळेच ही गन रूढ झाली.

मेख आहे ती ‘भरपूर हवा’ या शब्दांत. घरातल्या 120 व्होल्ट, 15 अँपिअरच्या प्लगमधून जास्तीत जास्त 1,800 वॅट मिळतात. त्यावर चालणारा कॉम्प्रेसर 90 पीएसआयला साधारण पाच सीएफएम, म्हणजे मिनिटाला पाच घनफूट हवा देतो. अनेक एचव्हीएलपी गनना दहा ते पंधरा लागते. मग बॉनेट अर्धे रंगवून होईपर्यंत टाकीतला दाब उतरतो, थेंब मोठे होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागतो. दोष रंगाला दिला जातो, पण कमी पडलेली असते हवा.

म्हणून कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा सीएफएमचा आकडा आणि गनच्या माहितीपत्रकातला आकडा शेजारी ठेवून बघा. हे आकडे कोणत्या दाबाला दिले आहेत तेही पाहा. कॉम्प्रेसर लहान असेल तर कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्या. ट्रॅक्टरचे बॉनेट, मडगार्ड, चाके सुटी होतात, त्यामुळे एकेक भाग रंगवून मध्ये टाकी भरू देता येते. नळी पाव इंचाऐवजी तीन-अष्टमांश इंचाची असावी, कारण अरुंद नळीत दाब वाया जातो. दाब लावताना गनचा ट्रिगर दाबून धरा. हवा वाहत असतानाचा आकडाच खरा.

त्यानंतर नोझल. दाट प्रायमरला 1.6 ते 1.8 मिलिमीटर, वरच्या रंगाला 1.3 ते 1.4. गिअरबॉक्सच्या ओतीव लोखंडाच्या सांदीकोपऱ्यांसाठी एक मिलिमीटरच्या आसपासची छोटी टच-अप गन सोयीची.

पाण्याचाही विचार हवा. 90 पीएसआयला हवा सुमारे सातपट दाबली जाते. थंड झाल्यावर तिला मूळची सगळी वाफ धरून ठेवता येत नाही, म्हणून नळीत पाणी साचते. उन्हाळ्यातल्या दमट दिवशी ते रंगात उतरून फोड येतात. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरपासून लांब, हवा थंड झाल्यानंतरच्या जागी लावा.

शेवटचा मुद्दा फुप्फुसांचा. साधा अल्किड इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने वाळतो. चकाकी आणि टिकाऊपणासाठी त्यात जो हार्डनर मिसळतात, त्यात बहुधा आयसोसायनेट असतात. भोपाळचा मिथाइल आयसोसायनेट याच रासायनिक गटातला. हार्डनरमधली रसायने त्याच्याइतकी सहज उडून जात नाहीत, पण स्प्रे गन त्यांचे श्वासात जातील इतके बारीक थेंब करते. शरीर एकदा त्यांना संवेदनशील झाले, की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. वासावरून धोका कळेल असेही नाही. धुळीचा कागदी मास्क इथे निरुपयोगी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि अंग झाकणारे कपडे हवेत, आणि गॅरेजमध्ये दुसरे कोणी नको.

हा खर्च झेपत नसेल तर हार्डनर वगळा. साधा इनॅमल उन्हात लवकर फिकट होईल, एवढेच. अल्किड रंगवतानाही सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क घाला आणि दार उघडे ठेवा. आसपास ठिणगी किंवा ज्योत नको.

गंमत म्हणजे या अवजाराचा उगम घशाच्या औषधात आहे. ओहायोमधल्या टोलेडोचे डॉक्टर ॲलन डीव्हिलबिस यांनी 1880च्या दशकात घशात औषध फवारायला ॲटोमायझर बनवला. त्यांचा मुलगा थॉमस याने पुढे त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. थेंब खोलवर पोचवणे हे तिचे मूळ कामच होते. तेव्हा बजेट आखताना आधी मास्कचे पैसे बाजूला काढा, मग हवेचे, आणि उरलेल्यात गन बघा.